सेटिरिझिन की फेक्सोफेनाडिन? ॲलर्जीची गोळी निवडताना

सकाळी उठल्यापासून शिंका, डोळ्यांना खाज, नाहीतर अंगावर गांधी. औषधाच्या दुकानात यातलं काहीही सांगा, बहुतेक वेळा सेटिरिझिनचीच पट्टी हातात पडते. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे. पण घेणाऱ्याला रात्री गाडी चालवायची आहे का, त्याचं वय काय, मूत्रपिंड कसं आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. खरी निवड तिथेच असते. ‘स्ट्राँग कुठली?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

हिस्टामिन हे आपल्याच शरीरातलं रसायन. पेशींवरच्या ज्या रिसेप्टरला (म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला) ते चिकटतं, त्यावर त्याचं काम ठरतं. असे रिसेप्टर चार आहेत, एच-1 ते एच-4. ॲलर्जीत त्रास होतो तो मुख्यतः एच-1मुळे. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव झिरपून सूज येते आणि मज्जातंतूंची टोकं चेतवली जाऊन खाज सुटते. हाच एच-1 मेंदूतही असतो आणि तिथे तो आपल्याला जागं ठेवतो. म्हणजे एच-1 अडवणारी गोळी मेंदूत शिरली की झोप आलीच. जुन्या आणि नव्या गोळ्यांतला सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच.

क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन (म्हणजे आपली एव्हिल), प्रोमेथाझिन या जुन्या गोळ्या मेंदूत सहज शिरतात. शिवाय त्या ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंचा निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं कामही अडवतात. त्यामुळे तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. रोजच्या ॲलर्जीसाठी, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, या गोळ्या देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सर्दीच्या ‘ऑल-इन-वन’ गोळीत क्लोरफेनिरामिन हमखास असतं, म्हणून पट्टीची मागची बाजू वाचा. लहान मुलांच्या सिरपचंही तेच. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिली आहे.

सेटिरिझिन 10 मिग्रॅ तासाभरात लागू पडते आणि दिवसभर पुरते. जुन्या गोळ्यांपेक्षा मेंदूत खूपच कमी जाते, पण थोडी जाते. काहींना काहीच जाणवत नाही, तर काही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेंगत असतात. लेव्होसेटिरिझिन म्हणजे त्याच रेणूचा कामाचा अर्धा भाग. 5 मिग्रॅचा परिणाम सेटिरिझिनच्या 10 इतका, त्यामुळे एकीने भागलं नाही म्हणून दुसरी घेण्यात फार अर्थ नाही. दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून किडनीचा आजार असेल तर डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो. महिनोन् महिने रोज घेऊन एकदम थांबवल्यावर क्वचित काहींना भयंकर खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने) मे 2025 मध्ये दिला.

फेक्सोफेनाडिनचा जन्म एका अपयशातून झाला. टरफेनाडिन नावाच्या औषधामुळे काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू लागले आणि ते बाजारातून गेलं. शरीर त्या औषधापासून जो उपयोगी पदार्थ तयार करतं, तोच फेक्सोफेनाडिन, आणि त्यात हा दोष नाही. मेंदूच्या वेशीवरचे पंप हिला परत बाहेर ढकलतात, म्हणून झोप जवळजवळ येतच नाही. नाकाच्या ॲलर्जीला सहसा 120 आणि गांधींना 180 मिग्रॅ देतात. किंमत मात्र सेटिरिझिनपेक्षा बरीच जास्त. आणि एक पथ्य पाळावंच लागतं: ही गोळी संत्र्याच्या, मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषलीच जात नाही. साध्या पाण्याबरोबर घ्या, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घेत असाल तर दोन तासांचं अंतर ठेवा.

ड्रायव्हर, यंत्रावर काम करणारे, परीक्षेला बसलेली मुलं यांच्यासाठी मी फेक्सोफेनाडिनच सुचवीन. खाजेने रात्री जाग येत असेल तर झोपताना घेतलेली सेटिरिझिन बरी. बिलास्टिन हाही झोप न आणणारा पर्याय आहे, पण तो रिकाम्या पोटीच घ्यावा लागतो. गरोदरपणात यातलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नका.

लेव्होसेटिरिझिनबरोबर माँटेल्युकास्ट असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. माँटेल्युकास्ट हिस्टामिनला हातही लावत नाही, त्याचा मार्ग वेगळा. मनःस्थिती बिघडण्याच्या धोक्याबद्दल एफडीएने 2020 मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. नुसत्या शिंकांसाठी ही जोडगोळी खरंच हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

अंगावर पित्त उठलं म्हणून ॲसिडिटीची गोळी घेणारेही भेटतात. जठरात आम्ल सोडायला लावतो तो एच-2. तो अडवणारं पहिलं यशस्वी औषध, सिमेटिडिन, 1976 मध्ये ब्रिटनमध्ये आलं, आणि ते शोधणारे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना 1988 चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्याच घरातली रॅनिटिडिन एनडीएमए या कर्करोगाची शंका असलेल्या अशुद्धीमुळे मागे पडली, आता फॅमोटिडिन आहे. हट्टी गांधींना डॉक्टर कधी एच-1च्या गोळीला एच-2ची जोड देतात, पण एकट्या एच-2च्या गोळीवर भागत नाही.

एच-3 मुख्यतः मेंदूतला. त्यावर चालणारं पिटोलिसंट अनावर झोपेच्या आजारात, नार्कोलेप्सीत, वापरतात. एच-4 वर संशोधन सुरू आहे, दुकानात मिळेल असं त्याचं औषध नाही.

आणि ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, चक्कर आली तर यातली कुठलीच गोळी शोधत बसू नका. तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. तिथे मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, तेही मिनिटांत. महाराष्ट्रात किंवा गोव्यात असाल तर 108 ला फोन करा आणि माणसाला आडवं ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका.