गाडी तापून गेली, आता ऑइलचं काय? तेच ठेवायचं, सिंथेटिक घ्यायचं की जाड ग्रेड?

मे महिन्यात कसारा घाट चढताना तापमानाचा काटा ‘एच’ला (हॉट) टेकला. गाडी बाजूला घेतली, निवल्यावर कूलंट भरलं आणि कसेबसे घरी आलात. गॅरेजमध्ये आता तीन सल्ले मिळतील. एक म्हणेल, काही होत नाही, चालवा. दुसरा, सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं ऑइल) टाका. तिसरा, ‘20डब्ल्यू-50 टाकू, जाड असतं, तापणारच नाही.’ (डब्ल्यूआधीचा आकडा थंड ऑइलचा जाडपणा सांगतो, नंतरचा गरम ऑइलचा.) हा तिसरा सगळ्यात ठामपणे सांगतो आणि त्याचंच म्हणणं सगळ्यात कच्चं असतं.

आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून बघा. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये उतरलंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) गेलंय. मग पुढचं वाचूही नका, गाडी टो करा. नुसतं काळं ऑइल मात्र काहीच सिद्ध करत नाही. डिझेल गाडीत नवं ऑइलही काही दिवसांत काळं पडतं.

तेच ऑइल ठेवायचं का? तापलेलं ऑइल पातळ होतं, निवलं की पुन्हा घट्ट होतं. ते नुकसान परत भरून येतं. ऑक्सिडेशन, म्हणजे उष्णतेत हवेशी संयोग होऊन ऑइल बिघडणं, भरून येत नाही. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंशांना त्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल 100 ऐवजी 130 अंशांवर असेल, तर ते साधारण आठपट वेगानं म्हातारं होतं. अ‍ॅडिटिव्ह संपतात, गाळ धरतो. काटा चढताच इंजिन बंद केलं असेल आणि ऑइल ताजं असेल तर राहू द्या. तसंच दामटत गाडी वर नेली असेल, तर ऑइल फिल्टरसकट बदला. इथे काटकसर नको.

मिनरल (कच्च्या तेलातून काढलेलं साधं ऑइल) की सिंथेटिक? 100 अंशांना दोन्हीकडचं 40 ग्रेड एकाच पट्ट्यात बसतं, 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (ऑइलचा दाटपणा मोजायचं एकक). त्यामुळे सिंथेटिक ‘जास्त दाट’ नसतं, आणि ते टाकल्यानं इंजिन थंडही होत नाही. ते उष्णतेत उशिरा बिघडतं आणि वाफ होऊन कमी उडतं, इतकंच. नेहमी घाट किंवा रोजचं ट्रॅफिक असेल तर जादा पैसे वसूल. महिन्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्या गाडीला कंपनीनं चालतं म्हटलेलं मिनरल पुरे.

जाड ग्रेडनं गरम इंजिनात भागांमधला ऑइलचा थर टिकतो, हे खरं. पण घर्षणाची उष्णताही वाढते, आणि 0डब्ल्यू-20 साठी घडवलेल्या इंजिनाच्या बारीक वाटांतून ते सकाळी सावकाश चढतं. मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेड दिले असतील, तर त्यातलं जाड निवडा. त्याबाहेर जाऊ नका. पंखा, थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर दुरुस्त केला नाही, तर कुठलाही डबा आणा, पुढच्या घाटात काटा तिथेच जाईल.

एअर-कूल्ड बाइकचं गणित वेगळं. तिथे कूलंट नाहीच, इंजिन थंड ठेवण्यात ऑइलचा मोठा हात असतो. म्हणून सिंथेटिकचा पैसा कारपेक्षा तिथे आधी खर्च करावा. बुलेटला तर कंपनीच 15डब्ल्यू-50 सांगते, तिथे जाड म्हणजेच योग्य. फक्त डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या बाइक ऑइलची खूण) बघून घ्या. कारचं ऑइल बाइकमध्ये ओतलं तर क्लच घसरू शकतो.