प्लाझ्मा की गॅस कटिंग?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या शेडमध्ये दोन्ही आहेत. एमएसची (साध्या पोलादाची) २५ मिलिमीटरच्या वरची प्लेट आली की मी अजूनही गॅसच पेटवतो. पण गॅस कटिंग म्हणजे ऑक्सिजनच्या झोतात लोखंड जाळणं. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमवर ते चालत नाही. प्लाझ्मा म्हणजे विजेने प्रचंड तापवलेला हवेचा झोत; तो वीज वाहून नेणारा कुठलाही धातू कापतो, आणि पातळ पत्रा फारसा वाकत नाही.

प्लाझ्माच्या कापाची सफाई मात्र हाताच्या वेगावर. ठिणग्या पत्र्याखाली किंचित मागे झुकून पडायला हव्यात. हात हळू चालला की कडेखाली जाड मळी, म्हणजे वितळून गोठलेला धातू, साचते, ती हातोडीने निघते तरी. घाई केली तर बारीक, कडक मळी चिकटते आणि ग्राइंडर हातात घ्यावाच लागतो. पावसाळ्यात ठाण्याची दमट हवा कॉम्प्रेसरमधून पाणी आणते, टॉर्चच्या टोकाचे नोझल आणि इलेक्ट्रोड भराभर झिजतात. टाकीतलं पाणी रोज काढा.

गॅसमध्ये भीती गळतीची आणि उलट्या ज्योतीची, म्हणजे ज्योत नळीत मागे शिरण्याची. ती अडवणारा फ्लॅशबॅक अरेस्टर हवाच, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात नको. प्लाझ्मात भीती शॉकची. प्लग काढल्याशिवाय नोझल बदलू नका, ही माझी पोरांना कळकळीची विनंती असते. गॅसचा फिकट गॉगलही प्लाझ्माला पुरत नाही: ४० ते ६० अँपिअरला किमान ६ नंबरची काच, आणि गळ्यापर्यंत बंद सुती शर्ट. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा धूर दोन्हीकडे वाईट. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तिथे एक्झॉस्ट पंखा आधी, काप नंतर.