अठरा महिने ऑनलाईन एमबीए: अभ्यास जमतो, शरीर सांभाळावं लागतं

सप्टेंबर २०२४ मध्ये मी ऑनलाईन एमबीएला ॲडमिशन घेतलं. विषय ऑपरेशन्स, म्हणजे उत्पादन आणि मालाचं नियोजन. तीन सेमिस्टर संपल्या, चौथी चालू आहे. ॲडमिशन घेण्याआधी मी लोकांचे अनुभव शोधत होते तेव्हा एक तर पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं कौतुक सापडायचं, नाहीतर पैसे अडकल्याची तक्रार. मधले महिने कसे जातात हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. युनिव्हर्सिटीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते कुठूनही शिकलात तरी लागू पडेल.

माझं वय ४१. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) परचेस आणि स्टोअर्स बघते. बी.कॉम. होऊन १९ वर्षं झाली होती. घरी नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. घर रंकाळ्याजवळ, म्हणजे रोजचा जाऊन-येऊन तास-सव्वा तास गाडीवर जातो. कॉलेजात जाऊन शिकणं शक्यच नव्हतं. त्यात आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या कोर्सची लाईव्ह लेक्चर शनिवार-रविवारी असतात. पहिल्या दिवसापासून मी रेकॉर्डिंगवरच शिकत आले.

ॲडमिशनच्या वेळी फोनवरच्या काउन्सेलरनं एक वाक्य दहा वेळा सांगितलं होतं, "मॅडम, वेळ मिळेल तेव्हा शिका." ऐकायला फार बरं वाटतं. पण नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला वेळ मिळतो कधी? सगळे झोपल्यावर. भांडी आवरली, मुलाचा अभ्यास घेतला, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून ठेवली की साडेदहा वाजतात. तिथून साडेबारापर्यंत मी पलंगावर उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचे. झोप येऊ नये म्हणून शेजारी चहाचा कप. पहिले चार महिने असेच गेले. मार्क चांगले पडले, तब्येत मात्र पार ढासळली.

आधी मान धरली. मग उजव्या खांद्यातून बोटांपर्यंत मुंग्या यायला लागल्या. डोळे सकाळी उठल्या उठल्याच चुरचुरायचे. वजन पाच किलो वाढलं आणि पित्त तर रोजचंच झालं. शेवटी एका रविवारी कामावर मटेरियल इनवर्डच्या, म्हणजे आलेल्या मालाच्या, वहीत मी एकच चलान दोनदा चढवलं. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. तेव्हा मी घाबरले.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी एक आकडा सांगितला, तो डोक्यात पक्का बसला. डोकं सरळ असताना त्याचं वजन साधारण पाच किलो. मान ६० अंश खाली वाकवली की मणक्यावर येणारा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. आमच्याकडं रोज कास्टिंगची वजनं होतात. २७ किलोचा तुकडा उचलायला माणूस दोन्ही हात लावतो, पाय रोवून उभा राहतो. तेवढा भार मी रोज रात्री दोन तास मानेवर घेऊन बसत होते.

मग आधी जागा बदलली. नवीन टेबल-खुर्ची घेतली नाही. सासूबाईंचं शिलाई मशीन बरेच दिवस बंद होतं, त्याचं टेबल खिडकीजवळ ओढलं. त्यावर चौरंग ठेवला आणि चौरंगावर लॅपटॉप. स्क्रीनची वरची कड बरोबर डोळ्यांसमोर आली. अशा उंचीवर लॅपटॉपच्याच बटणांवर टाईप करता येत नाही, म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतला. दोन्ही मिळून नऊशे रुपये गेले. या सगळ्या खर्चात सर्वांत कामाला आलेला पैसा तोच. खुर्ची जेवणाच्या टेबलाची, कमरेमागं चादरीची घट्ट गुंडाळी, पाय टेकायला पाट. मॅडमनी शिकवलेला हनुवटी आत ओढायचा व्यायाम दिवसातून तीनदा करते. मुंग्या थांबायला दीड महिना लागला, मान मोकळी व्हायला तीन. हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, नुसतं टेबल बदलून थांबू नका.

डोळ्यांचं कारण निम्मं चाळिशीचं निघालं. वाचायचा चष्मा लागला होता आणि मी तो टाळत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लॅपटॉपचं अंतर विचारून त्याप्रमाणे नंबर दिला. तुम्हीही जाताना घरी टेप लावून ते अंतर मोजून न्या, कारण पुस्तक धरायचं अंतर आणि स्क्रीनचं अंतर एक नसतं. दुसरं कारण म्हणजे स्क्रीनकडं बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो, त्यामुळं डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडं बघायचं, हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण पाळत कुणी नाही. माझं टेबल खिडकीपाशी असल्यानं तो आपोआप पाळला जातो. समोरच्या घरावरची पाण्याची टाकी हेच माझे वीस फूट.

वेळ बदलणं सगळ्यांत अवघड गेलं. आता पावणेदहाला झोपते आणि पावणेपाचला उठते. पाच ते साडेसहा अभ्यास. मोठ्या माणसाला सात तास झोप हवीच, तेवढी मिळते. रात्रीचा चहा बंद केला. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतं, म्हणजे अकराच्या चहाचा असर पहाटेपर्यंत राहणार. पण माझ्या पावणेदहाच्या झोपेची किंमत घरातल्या इतरांनी मोजली आहे, हे लिहिलंच पाहिजे. रात्रीची भांडी नवऱ्यानं घेतली. मुलगा स्वतःचा डबा स्वतः भरतो. सासूबाईंनी शेजारणींना सांगून टाकलं की सकाळी साडेसहापर्यंत आमच्या दाराची कडी वाजवायची नाही. घरात हे बोलणं ॲडमिशनच्या आधी व्हायला हवं. आम्ही ते पाच महिन्यांनी केलं, आणि तोवर माझी चिडचिड सगळ्यांनी सोसली.

साडेसहाला सासूबाई आणि मी रंकाळ्यावर जातो. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो हिशेब इथं बरोबर भरतो. सुरुवातीला चालतानाही मी कानात लेक्चर लावायचे. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "मला पण एक दे, तुमच्या सरांचा आवाज तरी ऐकू दे." तेव्हापासून ज्या विषयात आकडेमोड नाही त्याची उजळणी आम्ही दोघी एकेक इअरफोन लावून ऐकतो. सप्लाय चेनचं एक अख्खं युनिट त्यांनी माझ्याबरोबर ऐकलं आहे. "म्हणजे गोकुळच्या दुधाचं असतं तसंच की," असं त्या म्हणाल्या. गावातल्या संस्थेत संकलन, मग टँकर, मग शीतकरण. परीक्षेत मी तेच उदाहरण लिहिलं.

आता शिक्षणाबद्दल. शिकवणं विषयागणिक कमीजास्त आहे. प्रत्येक युनिटला व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा असते. व्हिडिओ चांगले आहेत, वाचायचं साहित्य त्याहून चांगलं. शंकांचं काही खरं नाही. एका प्रश्नाचं उत्तर सहा दिवसांनी आलं, तेही "कृपया युनिट ४ बघा" एवढंच. पण इन्व्हेंटरीच्या (मालसाठ्याच्या) विषयानं माझे सगळे पैसे वसूल केले. किती माल मागवायचा याचं एक साधं सूत्र आहे. ऑर्डर काढण्याचा खर्च आणि माल सांभाळण्याचा खर्च जिथं सारखे होतात, ती ऑर्डर सगळ्यांत स्वस्त. असाइनमेंटसाठी मी आमच्याच रेझिनच्या (साच्याची वाळू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) ड्रमांचा हिशेब मांडला. रेझिनला मुदत असते, उन्हाळ्यात तर जास्तच सांभाळावं लागतं, आणि आम्ही सवयीनं दोन महिन्यांचा माल भरून ठेवत होतो. कागद साहेबांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि पुढची ऑर्डर तीन आठवड्यांची काढायला सांगितली. बारा वर्षं त्या स्टोअरमध्ये काम करतेय, पण माझ्या सांगण्यावरून ऑर्डरचं गणित बदललं ते पहिल्यांदाच.

वेळेचा अंदाज मात्र आधी नीट घ्या. इग्नू एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरते. त्या हिशेबानं चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास, सेमिस्टरचे पाच विषय म्हणजे ६००, आणि २६ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २३ तास. मला १२ ते १४ जमतात. सोमवारी चार तास बसते तेव्हा कुठं. तेवढ्यात पास व्हायला अडचण येत नाही, पण स्टॅटिस्टिक्स माझं कच्चं राहिलं, हे मान्य करते.

गेल्या पावसाळ्यात एक मोठा फायदा लक्षात आला. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की कोल्हापुरात सगळ्यांचे कान राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याकडं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं. वर्गात जाऊन शिकत असते तर अशा दिवसांत शिक्षण आधी सुटलं असतं. घरी बसून माझं एकही युनिट मागं पडलं नाही.

परीक्षेचा अनुभव मात्र वाईट होता. दुसऱ्या सेमिस्टरचा तिसरा पेपर मे महिन्यात दुपारी चारला होता. घरून परीक्षा म्हणजे कॅमेऱ्यासमोर. आधी कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची, टेबलाखाली दाखवायचं, भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं. मला प्रश्न ओठांनी पुटपुटत वाचायची शाळेपासूनची सवय, त्यावर दोन इशारे आले. पाऊण तास झाला असेल, वारं सुटलं, आभाळ काळं झालं आणि वळीव कोसळला. लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, पण राऊटर बंद. मोबाईलवरून नेट जोडेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली आणि परत आत गेले तर पेपर जमा झालेला. हेल्पलाईनवर चाळीस मिनिटं थांबले. पलीकडच्या मुलानं शांतपणे सांगितलं की पुन्हा परीक्षा द्यावी लागेल, फी भरून. महावितरणच्या ॲपवरची तक्रार, अंधारातल्या घराचा फोटो, सगळं पाठवलं. फी माफ झाली नाही. ॲडमिशनच्या वेळी हाच प्रश्न मी स्पष्ट विचारला होता आणि "काही काळजी करू नका" असं उत्तर मिळालं होतं. अशी उत्तरं ईमेलवर लेखी घ्या. तोंडी उत्तराला नंतर कुणी विचारत नाही.

पैसे भरण्याआधी अजून काही तपासा. कोर्सला परवानगी आहे का ते यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या वेबसाईटवर स्वतः बघा, एजंटनं पाठवलेल्या कागदावर जाऊ नका. मी ॲडमिशन घेतलं त्या २०२४ च्या सत्रापासून डेब-आयडी (त्या मंडळाकडचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) सक्तीचा झाला. तो स्वतःच्या हातानं काढा. त्यासाठी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे आपले क्रेडिट जमा होतात ते सरकारी ऑनलाईन खातं लागतं. मान्यताप्राप्त ऑनलाईन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आमच्या एचआरनं तो विषय लगेच मिटवला. कायदा, नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग अशा पदव्या ऑनलाईन मिळत नाहीत, कुणी देतो म्हणाला तर तिथंच फोन ठेवा. आणि फीचा हप्ता म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स सोडला तरी ते आपोआप सुटत नाही.

आपल्याला झेपेल का अशी शंका असेल तर आधी स्वयम पोर्टलवर एखादा ऑनलाईन कोर्स पूर्ण करून बघा. केंद्र सरकारचं आहे, २०१७ पासून चालू आहे, शिकायला पैसे लागत नाहीत. बारा आठवडे रोज पहाटे उठणं जमलं तर पदवीही जमेल. आणि पैशाची ओढाताण असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा आपल्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आधी बघा. फी बरीच कमी पडते. माझ्या नणंदेनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, पुस्तकं हातात मिळाली आणि तिचे डोळे माझ्यापेक्षा शाबूत राहिले.

ज्यांची लहान बाळं आहेत किंवा ज्यांना रात्रपाळी आहे, त्यांना मी सध्या थांबा असंच सांगेन. रात्रपाळी करून पहाटे अभ्यासाला बसणारा आमच्या मोल्डिंगचा एक सुपरवायझर दुसऱ्या सेमिस्टरमध्ये आजारी पडला. माणूस माझ्यापेक्षा हुशार होता.

माझी शेवटची परीक्षा येत्या मे महिन्यात आहे, म्हणजे पुन्हा वळवाचे दिवस. या वेळी राऊटर इन्व्हर्टरवर घेतला आहे. स्लॉट निवडायची सोय उघडली त्या दिवशी पहाटे पाचलाच लॉगिन केलं आणि सगळे पेपर सकाळी नऊचे घेतले. वळीव दुपारनंतर येतो. कॅलेंडर आदल्या रात्रीच काढून ठेवायचं, असं मुलाला सांगून ठेवलं आहे.