पाणंदीवरची सायकल : टायर, गिअर आणि ब्रेकची वर्षभराची पारख

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे डांबराबरोबर कच्च्या रस्त्यांवरही चालणारी रुंद टायरची सायकल, विकणारा माणूस आधी फ्रेमचे वजन सांगतो, मग रंग दाखवतो आणि टायर, ब्रेक, गिअर यांविषयी विचारले की 'ते सगळे स्टँडर्ड आहे' असे म्हणून मोकळा होतो. एक अख्खा पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा मिळून सुमारे ४,२०० किलोमीटर सायकल चालवल्यानंतर माझे मत नेमके उलटे झाले आहे. फ्रेम अंगाला बसणारी आणि रुंद टायरला जागा देणारी असली की पुरे. पैसे आणि विचार खर्च करायचा तो या 'स्टँडर्ड' म्हणून बाजूला सारलेल्या तीन गोष्टींवर, आणि त्यातही टायरवर सर्वांत आधी. पुढील परीक्षण माझ्या सायकलवर आज बसलेल्या जोडणीचे आहे. माझे वजन ७२ किलो. सायकल, पाणी आणि सामान धरून एकूण भार ८७ किलोच्या आसपास जातो. पुढची सगळी आकडेमोड याच भाराची आहे.

ग्रॅव्हलचे वेड आले अमेरिकेतून. कॅन्ससमधील एम्पोरिया गावाजवळच्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ साली सुरू झालेली दोनशे मैलांची शर्यत आज 'अनबाउंड ग्रॅव्हल' या नावाने ओळखली जाते. तिथल्या रस्त्यांवरचे गारगोटीसारखे धारदार दगड टायर फाडण्यासाठी कुप्रसिद्ध असले, तरी रस्ता बहुधा शेवटपर्यंत त्याच जातीचा असतो. आपल्याकडे फेरीची दिशा बदलेल तशा चार जाती भेटतात. नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा दाबलेला मुरूम डांबरापेक्षा सुखाचा असतो; पाच किलोमीटर पुढे पाणंद लागते, तिथे उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा आणि जुलैत काळी चिकट माती; वेल्ह्याच्या बाजूला गेलो तर रस्ता रुंदीकरणासाठी अंथरलेली काळ्या दगडाची खडी; आणि कासच्या पठाराकडे वळलो तर जांभ्याचे गोल खडे, ज्यांवर चाक छर्र्यांवर ठेवल्यासारखे सरकते. एवढे करून घरी परतताना पन्नास-साठ किलोमीटर डांबर असतेच. म्हणून एकाच पृष्ठभागासाठी उत्तम ठरलेला टायर आपल्या कामाचा नसतो.

सायकलबरोबर आलेले टायर ३२ मिमीचे होते आणि ते मी दोन महिन्यांत उतरवले. त्यानंतर घेतलेली ४० मिमीची जोडी एका नामवंत कंपनीची, हलकी, शर्यतीसाठी बनवलेली, आणि खरे सांगायचे तर वजनाचा आकडा पाहून भुलून घेतलेली होती. कालव्याच्या मुरुमावर ती अक्षरशः पळत असे. केळदच्या रस्त्यावर ताज्या खडीतून उतरताना मात्र मागच्या टायरच्या कुशीला नखाएवढा चिरा पडला. टायरची कूस म्हणजे जमिनीला टेकणारी पाठ आणि रिम यांच्यामधला पातळ भाग. तिथे रबर जवळजवळ नसतेच, असते ते फक्त कापड. ट्यूबऐवजी आत घातलेला, भोके बुजवणारा द्रव पांढऱ्या फेसाने उसळत बाहेर आला आणि भोक काही बुजेना. शेवटी ट्यूब घालण्याआधी चिऱ्याला आतून आधार हवा म्हणून रस्त्याकडेला पडलेले गुटख्याचे पाकीट उचलले, पुसले, चार पदरी घडी करून आतून लावले आणि त्यावर ट्यूब फुगवली. बंदी असलेल्या मालाचा असा सदुपयोग करून मी ३८ किलोमीटर घरी आलो. यात दोष टायरचा नव्हता, निवडीचा होता: शर्यतीचा कागदी टायर मी रस्त्याच्या बांधकामात नेला होता.

आता बसवलेली जोडी ४३ मिमीची आहे. कुशीला जादा कापडाचे आवरण असलेला हा प्रकार दर टायरमागे अंदाजे ७० ग्रॅमने जड आहे, पाठीवर मध्यभागी बारीक, जवळजवळ बसवलेल्या गाठी आणि कडांना जरा उंच, सुट्या गाठी आहेत. जोडीला सुमारे आठ हजार रुपये पडले. मधल्या बारीक गाठींमुळे डांबरावर घुमणारा आवाज येत नाही आणि वळताना कडेच्या गाठी मुरुमात रुततात. रुंदीच्या फरकाचे महत्त्व आकड्यातून कळते: ३२ वरून ४३ मिमीवर गेले की टायरचा छेद साधारण १.८ पट होतो, म्हणजे तेवढीच हवा जास्त मावते आणि तोच भार पेलण्यासाठी दाब बराच कमी पुरतो. मी पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय ठेवतो, सलग डांबर असेल तर दोन्हीकडे सहा-सहाने वाढवतो. चार पीएसआय जास्त झाले तरी जांभ्याच्या खड्यांवर पुढचे चाक उड्या मारू लागते, आणि चार कमी झाले तर खडीत रिमवर 'टण्' असा आवाज येतो. पायपंपाचा काटा इतक्या कमी दाबाला अनेकदा भोंगळ असतो. वेगळा डिजिटल दाबमापक घेणे ही या वर्षातील सर्वांत किफायतशीर खरेदी ठरली.

ट्यूबलेस करावे, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्ये असा द्रव घालावा, की नाही, हा वाद बाभळीच्या प्रदेशात निरर्थक आहे. पुरंदर आणि बारामतीकडच्या बांधांवरून एक फेरी मारून आल्यावर मी एकदा मागच्या टायरमधून सात काटे मोजून काढले. त्यातले पाच वेड्या बाभळीचे होते आणि एकाही काट्याने मला थांबवले नव्हते. काटा उपटला की क्षणभर फुस्स आवाज येतो, चाक फिरवून भोक खाली आणले की आतला लॅटेक्सचा द्रव तिथे गोळा होतो आणि आवाज थांबतो. मात्र हा द्रव आमच्या उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत आटून त्याची रबरी साय होते. प्रत्येक टायरमध्ये ६० मिलि घातल्यावर 'झाले काम' असे समजणाऱ्यांना मे महिन्यात ट्यूब बदलत बसावे लागते.

या टायरचा एक कमीपणा स्पष्ट सांगायला हवा. काळ्या मातीत तो पाच मिनिटांत गुळगुळीत होतो, कारण जवळजवळ बसलेल्या गाठींमधली माती झडत नाही. पण अशा मातीत गाठी दूर असलेल्या टायरनेही मागच्या फाट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये, चिखलाची वीट थापलेली मी पाहिली आहे. तिथे टायरपेक्षा फ्रेममधील मोकळी जागा महत्त्वाची असते. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान सहा मिमी तरी जागा हवी, आणि छापील रुंदीवर विसंबू नये. माझ्या २५ मिमी आतील रुंदीच्या रिमवर '४०' लिहिलेला टायर मापून पाहिला तेव्हा ४२ भरला होता.

गिअरच्या बाबतीत सध्या पुढे एकच चेनरिंग (पॅडलजवळचे दातेरी चक्र) असलेल्या जोडणीची चलती आहे. मी मित्राची तशी सायकल तीन आठवडे वापरून मगच दोन चेनरिंगची निवड केली. माझ्याकडे शिमानो या सुट्या भागांच्या कंपनीच्या २०१९ साली आलेल्या जीआरएक्स मालिकेतील ४६/३० चे क्रँक (४६ आणि ३० दात्यांची दोन चेनरिंग) आणि मागे ११-३४ ची, म्हणजे ११ ते ३४ दात्यांच्या अकरा चक्रांची, कॅसेट आहे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये ३० पुढे आणि ३४ मागे. ४३ मिमीच्या टायरसह पॅडलच्या एका फेरीला सायकल साधारण १.९६ मीटर पुढे जाते. रस्त्यावरच्या सायकलींवर पूर्वी सर्रास मिळणाऱ्या ३४ पुढे आणि २८ मागे या जोडीत तेच अंतर २.७ मीटर होते. फरक कागदावर छोटा वाटतो, घाटात नाही. मिनिटाला ६० फेऱ्यांनी पॅडल मारत दहा टक्के चढ चढायचा असेल, तर पहिल्या जोडणीत वेग सात किलोमीटर राहतो आणि केवळ चढाला सुमारे १६५ वॅट लागतात; दुसरीत वेग पावणेदहा आणि ताकद २३० वॅट लागते. तेवढे वॅट माझे पाय वीस मिनिटांपेक्षा जास्त देत नाहीत, म्हणून मग फेऱ्या ४० वर येतात, गुडघे कुरकुरतात आणि खडीवर प्रत्येक झटक्याला मागचे चाक जागीच फिरते. सैल चढावर बसून, सारख्या लयीत पॅडल मारता येणे हीच पकड असते; उभे राहिलात की मागच्या चाकावरचा भार गेला आणि पाय जमिनीवर आला.

एका चेनरिंगच्या ४० आणि ११-४२ च्या जोडणीत सर्वांत हलका गिअर २.१२ मीटरचा मिळतो, जो वाईट मुळीच नाही. मला खटकल्या त्या मधल्या उड्या. ११-४२ मध्ये २१ नंतर थेट २४, २८, ३२ आणि ३७ येतात, तर ११-३४ मध्ये २१, २३, २५, २७ अशी सावकाश पायरी आहे. डांबरावरून समोरच्या वाऱ्यात तासभर घरी येताना एक गिअर जड आणि दुसरा हलका, अशी घुसमट त्या सायकलवर सतत होत असे. वरच्या टोकाला ४६/११ मुळे एका फेरीला ९.३ मीटर मिळतात, एका चेनरिंगमध्ये ८.१, उतारावर ताशी पन्नासच्या पुढे जाणाऱ्यांनाच हा फरक कळेल आणि मला त्या वेगाची हौस नाही. एका चेनरिंगचा खरा फायदा चिखलात आहे: चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा पुढचा डिरेलर नसल्यामुळे माती साचायला एक जागा कमी होते. पावसाळ्यात केवळ मावळातच फिरणाऱ्याने तीच जोडणी घ्यावी, असे मी म्हणेन.

खरेदी करणाऱ्यांसाठी एक तांत्रिक खबरदारी. जीआरएक्सची चेनरिंग रुंद टायरला जागा मिळावी म्हणून रस्त्यावरच्या क्रँकपेक्षा २.५ मिमी बाहेर बसवलेली असतात, त्यामुळे पुढचा डिरेलरही त्याच मालिकेतील लागतो. जुना लावून पैसे वाचवण्याचा सल्ला दुकानात मिळाला तरी ऐकू नये. मागच्या डिरेलरमधील क्लच नावाची कळ चेनला ताणून धरते आणि खडीवर चेन फ्रेमवर आपटण्याचा आवाज जवळजवळ बंद होतो. चाक काढण्यापूर्वी ती बंद करायला मी अजूनही निम्म्या वेळा विसरतो.

ब्रेकविषयी लोक सर्वांत जास्त भांडतात, आणि माझ्या मते इथे निवड सर्वांत कमी महत्त्वाची व निगा सर्वांत जास्त महत्त्वाची आहे. डिस्क ब्रेक हवेतच. प्रश्न तारेचे की तेलाचे एवढाच. ८७ किलोचा भार ६०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती साधारण दीड लिटर पाणी उकळायला पुरेल, आणि खराब रस्त्यावर हळू उतरताना हवेचा अडथळा फारसा मदत करत नसल्याने त्यातली बहुतेक दोन पातळ पोलादी चकत्यांमधूनच बाहेर पडते. ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना तेलाच्या ब्रेकवर एक बोट पुरते. तारेच्या ब्रेकवर दोन बोटे आणि अर्ध्या वाटेत एकदा तळवा झटकावा लागतो. शक्तीतला फरक यापेक्षा मोठा नाही, हाताच्या थकव्यातला आहे.

मी तरीही टीआरपी कंपनीचे स्पायर हे तारेचे ब्रेक ठेवले आहेत. साध्या तारेच्या ब्रेकमध्ये चकतीला घासणाऱ्या दोन पॅडपैकी एकच पॅड हलतो आणि चकतीला वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो. स्पायरमध्ये दोन्ही पॅड दोन्हीकडून येतात, त्यामुळे चकती सरळ राहते आणि जुळवणी सोपी होते. सोबत तारेला न दबणाऱ्या जातीचे बाहेरचे आवरण वापरले तर लिव्हरची स्पंजासारखी भावना बरीच कमी होते. तारेची निवड करण्याचे कारण साधे आहे: वेल्ह्यात किंवा माणगावात तार तुटली तर ती मी बदलू शकतो, तेलाच्या नळीत हवा शिरली तर टेम्पो शोधावा लागतो. शहराजवळच फिरणाऱ्याला हे कारण लागू नाही; त्याने खुशाल तेलाचे घ्यावेत, फक्त शिमानोमध्ये खनिज तेल आणि स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या रस्त्यावरच्या सायकलींच्या ब्रेकमध्ये डॉट नावाचा वेगळा द्रव असतो हे लक्षात ठेवावे, कारण अदलाबदल झाली की आतली रबरी सीले खराब होतात.

पॅडच्या बाबतीत पावसाळा निर्दय असतो. जांभ्याची लाल माती पाण्यात मिसळली की तिचा पॉलिशपेपर होतो. जुलैत रेझिनच्या पॅडची एक जोडी माझ्याकडे ४०० किलोमीटरही टिकली नाही. आता जून ते सप्टेंबर धातूचे पॅड घालतो. ते ओले झाल्यावर किंचाळतात, पण टिकतात. आधी चकतीवर 'फक्त रेझिन पॅड' असे कोरलेले नाही ना, हे पाहावे. पॅडवर अर्धा मिमी थर उरला की बदलणे आणि १.८ मिमीची चकती १.५ वर आली की टाकून देणे, हे शिमानोचे नियम तंतोतंत पाळावेत.

एकदा सर्व्हिसिंगहून आणलेली सायकल पहिल्याच चौकात बैलगाडीच्या आखासारखी कण्हू लागली. दुकानातल्या मुलाने चेनवर तेलाचा फवारा मारताना मागची चकती झाकली नव्हती. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाचली. नवेकोरे पॅड मात्र तेल पिऊन बसले होते आणि घासूनही सुधारले नाहीत. तेव्हापासून सायकल देताना मी दोन्ही चकत्यांवर जुने मोजे चढवून देतो. मुले हसतात, पण मोजे काढत नाहीत.

येत्या पावसाळ्यापूर्वी धातूचे पॅड आणि नवी चेन एवढेच बदलायचे आहे. क्रँक आणि कॅसेट आहे तसेच राहतील. पुढचा टायर झिजला की त्या जागी ४५ मिमीचा घेणार आहे, कारण पुढच्या फाट्यात बोट घालून पाहिले तर अजून तेवढी जागा आहे.