ओपिनेल क्रमांक ८ : कमी किमतीचा, पण कसाला उतरणारा फ्रेंच चाकू

फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडवलेला हा घडीचा चाकू आजही जवळजवळ त्याच रूपात मिळतो. साडेआठ सेंटीमीटरचे पाते, बीच या झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ आणि १९५५ पासून आलेले फिरते कडे, जे वळवले की उघडे पाते बोटांवर मिटत नाही, एवढ्या मोजक्या भागांत तो पूर्ण होतो. कमी किमतीमागे ही साधी रचनाच आहे. पाते पातळ असल्यामुळे पिकलेला टोमॅटोही न चेपता चिरला जातो आणि आंब्याची साल सलग सुटते. या कामात जाड पात्यांचे कितीतरी महागडे चाकू त्याच्यापुढे फिके पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र कार्बन पोलादाचे पाते लिंबाच्या रसाने काळवंडते आणि ओले राहिल्यास गंजते, म्हणून कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी स्टेनलेसचेच पाते निवडावे. दमट हवेत लाकूड फुगून पाते उघडणे जड जाते. त्यासाठी पावसाळ्यापूर्वी सांध्याजवळच्या उघड्या लाकडात जवसाचे तेल मुरवावे. नारळाचे खोबरे उचकटण्यासाठी मात्र हे नाजूक पाते मुळीच वापरू नये.