एचओ स्केलचे घाट-मॉड्यूल: एक पावसाळा काढल्यानंतर

ऑगस्टमध्ये माझ्या एचओ (१:८७) मॉडेल रेल्वेच्या घाट-मॉड्यूल सेटवर मालगाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लावला आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेक्शनच्या सांध्याजवळ ब्रेकव्हॅनच्या पुढची रिकामी वाघीण उचलली जाऊन आडवी पडली. परत रुळावर घेतली, परत तिथेच पडली. बँकर काढून पुढच्या एकट्या इंजिनाने छोटी गाडी नेली, तर ती बिनबोभाट चढली. तोपर्यंत या सेटबद्दल भरभरून लिहायचं माझ्या मनात होतं. चांगलं आहे ते लिहिणारच आहे, पण आधी सांध्यांबद्दल.

सेट म्हणजे लेझरवर कापलेल्या प्लायचे चार सेक्शन, प्रत्येकी १२०० मिमी. टोकाच्या पाट्या, बोल्ट, पाय आणि चढासाठी उंची कोरलेले रायझर (रुळाखालचे टेकू) सोबत येतात. कारखाना देशी आहे, नाव घेत नाही. एक सेक्शन सहा हजारांच्या घरात पडला. तेवढ्या पैशांत मरीन प्लायची आठ बाय चारची शीट येते आणि वर काही उरतं. म्हणून घेताना हात आखडतच होता. पण कापणी खरोखर नेमकी आहे. गुण्या लावून पाहिला, चारही चौकटी काटकोनात. आपल्याकडचा सुतार इतका नेमका क्वचित बसवतो, आणि बसवला तर मजुरीही तशीच घेतो.

परदेशी थर्माकोलचे तयार चढ २, ३ आणि ४ टक्क्यांत मिळतात. मला १:३७ हवा होता, म्हणजे २.७ टक्के. हा आकडा माझ्या लहरीचा नाही. १८६३मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाचा सर्वांत कडक चढ हाच. त्याच्यापायीच आजही कर्जतला गाड्यांच्या मागे बँकर लागतात. जवळपास १६ मैलांत १,८३१ फूट चढणारा हा मार्ग एचओमध्ये पूर्ण करायचा तर तीनशे मीटरच्या आसपास लांबी आणि साडेसहा मीटरच्या जवळ उंची लागेल. ते शक्य नाही. ठाकूरवाडी ते मंकी हिलच्या दरम्यानचा तुकडा घेऊन लांबी-उंची कापता येते. चढाचं प्रमाण मात्र कापलं तर घाट उरतच नाही. शिवाय या चढावर मॉडेललाही बँकरची खरीखुरी गरज पडते. वाघिणीच्या चाकांचा रोध तिच्या वजनाच्या दोन-तीन टक्के असतो, त्यात चढाचे २.७ टक्के आले की इंजिनाची ओढ निम्म्यावर येते. मला तेच हवं होतं.

आता मूळ दुखणं. फ्री-मो या सुटी मॉड्यूल एकमेकांना जोडण्याच्या स्टँडर्डमध्ये मॉड्यूलच्या टोकाला चार इंच रूळ सरळ, सपाट आणि पाटीला काटकोनात असावा लागतो. या सेटमध्ये तो नियम प्रत्येक सेक्शनच्या दोन्ही टोकांना लावला आहे. म्हणजे १२०० मिमीतले २०० मिमी सपाटीत गेले. उरलेल्या १००० मिमीत सरळ १:३७ने २७ मिमी चढ. सपाटीवरून चढावर जाताना आणि चढावरून सपाटीवर येताना गोलाई अजिबात नाही. चार सेक्शन जोडले की चार खोलगट जागा आणि चार कुबडं तयार होतात. घाटाचा जिना होतो!

एकटं इंजिन पुढून ओढतं तेव्हा सगळे कपलर ताणलेले राहतात, म्हणून हा जिना खपून जातो. बँकर लागला की मागचा अर्धा रेक दाबला जातो. कुबडावर शेजारच्या दोन वाघिणींचे कपलर एका उंचीवर नसतात. दाब असेल तर एक दुसऱ्यावर चढतो आणि हलकी वाघीण वर उचलली जाते. लांब डब्यांचे हाल आणखी वाईट. नव्या धाटणीचा एलएचबी प्रवासी डबा एचओमध्ये २७० मिमी भरतो, जुना आयसीएफ २४५च्या आसपास. एलएचबीची टोकं कुबडावर स्पष्ट खाली-वर होताना दिसतात.

त्यात पावसाळा. पाट्यांना ८ मिमीचा बोल्ट आणि १० मिमीचं भोक, जुळवायला सोयीचं म्हणून. सपाट मॉड्यूलला ते चालतं, नजरेने जुळवून बोल्ट आवळला की झालं. पण दमट हवेत प्लाय थोडा फुगतो-आटतो, बोल्ट सैलावतो आणि सेक्शन त्या मोकळ्या भोकात खाली बसतो. सकाळी सांध्यावरून नख फिरवलं की रुळाच्या कडेला अडकायचं. अर्धा मिमी असेल, पण कोड ८३चा रूळच मुळात २.१ मिमी उंच असतो.

कारखान्याला फोन केला. उत्तर आलं, “स्टँडर्डच तसं आहे.” याचा मला खरा राग आला. फ्री-मोचा नियम मॉड्यूलच्या बाहेरच्या टोकांना आहे. एक मॉड्यूल अनेक सेक्शनचं असू शकतं आणि आतले सांधे कसे करायचे हा मालकाचा प्रश्न. दुसरं म्हणजे त्याच स्टँडर्डमध्ये मुख्य मार्गाचा चढ २ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. १:३७ विकायचा आणि हरकत घेतली की स्टँडर्ड दाखवायचं, हे बरोबर नाही. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेत ते घाटासाठी.

मग मी कागदावर नवा हिशोब मांडला. चारही सेक्शन मिळून ४८०० मिमीचं एकच मॉड्यूल धरलं. सपाटी बाहेरच्या दोन टोकांनाच, १००-१०० मिमी. तिला लागून दोन्हीकडे ३०० मिमीची गोलाई आणि मधले ४००० मिमी अखंड १:३७. एकूण चढ ११६.२ मिमी होतो. जुन्या पद्धतीत गोलाई न देताही १०८ मिळत होते, आणि तशीच गोलाई दिली असती तर ७६च्या आत आटोपलं असतं. आतले तिन्ही सांधे चढावरच येतात, सुरुवातीच्या उंचीपासून २५.७, ५८.१ आणि ९०.५ मिमीवर. पाट्या ओळंब्यातच उभ्या ठेवायच्या, रूळ त्यांच्यावरून तिरका जातो. पायांना काहीच बदल करावा लागत नाही.

हा कागद आणि व्हिडिओ पाठवल्यावर कापणी सांभाळणाऱ्या माणसाने स्वतः फोन केला. मुद्दा त्याला लगेच कळला. आतल्या सहा पाट्या आणि रायझरचा नवा संच त्याने नुसत्या प्लायच्या किमतीत कापून दिला. इथे माझं मत बदललं, हे मान्य करतो. कुरियरचा खर्च मात्र माझ्या माथी मारला, तो अजून खटकतो.

बोल्टची भानगड मी दोन पितळी डॉवेलवर (सांधा नेमका जुळवणाऱ्या खुंट्यांवर) सोडवली. परदेशी जोडी आयात करण्यात कस्टम आणि टपालाचाच खर्च जास्त, म्हणून भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून सळईतून खुंटी आणि बुशच्या जोड्या करून घेतल्या. दोन पाट्या क्लॅम्पमध्ये एकत्र धरून एकाच दमात भोक पाडलं. आता जागा डॉवेल धरतात, बोल्ट नुसता आवळून ठेवतो. टोकांना तांब्याच्या थराची पीसीबी पट्टी चिकटवली, तिला रूळ डाग देऊन जोडले आणि चारही सेक्शन जोडलेले असतानाच बारीक करवतीने कापले. नख आता अडकत नाही.

प्लाय पावसात वाकेल ही भीती घेताना होती, ती मात्र निराधार निघाली. आतून-बाहेरून सँडिंग सीलरचे दोन हात दिले होते. पाणसळ लावून बघतो, चौकटी जागच्या हललेल्या नाहीत. पाय ठीक आहेत. वायरिंगसाठी कापलेली भोकं छान आहेत. वजन एका माणसाने जिन्यावरून नेण्याजोगं आहे आणि चारही सेक्शन दिवाणाखाली मावतात.

नव्या मांडणीचा एक तोटा आहे. सेक्शनची जागा ठरून गेली, दुसऱ्याच्या जागी तिसरा लावता येत नाही आणि एकटा सेक्शन कुणाच्या मांडणीत जोडताही येत नाही. पाट्यांवर मोठे आकडे रंगवून ठेवलेत. ज्यांना चार मित्रांच्या मॉड्यूलमध्ये सुटे तुकडे घालायचे आहेत त्यांनी मूळ सेटच घ्यावा, पण चढ २ टक्क्यांच्या आत ठेवावा आणि गोलाई मागून घ्यावी. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वेसारखा कायमचा मांडलेला लेआउट असेल तर सुट्या सांध्यांचा हा प्रश्नच नाही.

बँकर लावायचाच असेल तर आतल्या पाट्या मागवतानाच कोऱ्या मागा, बोल्टची भोकंसुद्धा न पाडता. मागितल्यावर कारखाना देतो. डॉवेल आधी बसवा, रूळ नंतर. आणि कुरियर कोण भरणार हे फोनवर न ठरवता लेखी घ्या.