जामींचं ‘नफहात’ की नवाईंचं ‘नसाइम’?

सूफी संतचरित्रं मुळातून वाचायची तर आधी फारसी घ्यावी की तुर्की? हेरातमधले (आजच्या अफगाणिस्तानातलं शहर) पंधराव्या शतकातले दोन ग्रंथ शेजारी ठेवून बघा.

अब्दुर्रहमान जामींचं ‘नफहातुल-उन्स’ फारसीत, 1478 च्या सुमाराचं. सहाशेहून अधिक चरित्रं, शेवटी राबियासारख्या संत स्त्रियांचा वेगळा विभाग. मुळाशी अकराव्या शतकातले सूफी अब्दुल्ला अन्सारी यांचा संतचरित्रांचा जुना ग्रंथ, त्याच्याही मागे त्यांच्याआधीचे सूफी लेखक सुलमी यांचा अरबी ग्रंथ. म्हणजे परंपरेचा अख्खा धागा हाती येतो. गद्य नेटकं, पण चमत्कारांपेक्षा वचनं जास्त. गोष्टीवेल्हाळ वाचक जरा कंटाळेल.

मीर अली शेर नवाई जामींचे शिष्य आणि स्नेही. ‘नफहात’ लिहा, असा आग्रह त्यांचाच. जामींच्या निधनानंतर 1495-96 मध्ये त्यांनी ते चगताई तुर्कीत (मध्य आशियातली जुनी साहित्यिक तुर्की) आणलं, ‘नसाइमुल-महब्बत’ या नावाने. पण नुसतं भाषांतर करून थांबले नाहीत. जामींकडे तुर्की शेख, म्हणजे सूफी गुरू, जेमतेमच. नवाईंनी मध्य आशियातले तुर्की सूफी संत अहमद यसवी यांच्या परंपरेतले शेख घेतले, हिंदुस्थानातलेही घेतले. महीपतींनी ‘भक्तमाल’कार नाभादासांचा आधार घेत मराठी संतांची भर घातली, तसंच काहीसं.

माझा कौल आधी फारसीला, कारण नवाईंनी काय वाढवलं हे जामी वाचल्याशिवाय कळतच नाही. मध्य आशियातल्या यसवी पंथावरच काम करायचं असेल, तर मात्र थेट चगताई गाठा.